‘ड्रॉप आउट’ कोण झालं?

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आज मी एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलणार आहे. आपल्या अहवालात ते दरवर्षी असतं : ड्रॉप आउट. ‘ड्रॉप’ म्हणजे गळून पडणं, ‘आउट’ म्हणजे बाहेर. दोन्ही मिळून अर्थ होतो, हाती घेतलेलं मध्येच सोडणं. धावपटू शर्यतीतून ड्रॉप आउट होतो, मूल शाळेतून. हेच दोन शब्द जोडून लिहिले की क्रियापदाचं नाम होतं आणि ते माणसाला चिकटतं. बिल गेट्स 1975 मध्ये हार्वर्ड सोडून गेले. लोक त्यांना ड्रॉपआउट म्हणतात ते कौतुकाने, कारण त्यांनी स्वतः ठरवून सोडलं होतं.

गेल्या वर्षी चौथीतल्या एका कातकरी मुलीच्या नावापुढे मीच हा शब्द लिहिला. पुढे एका वीटभट्टीवर ती मला भेटली. कडेवर धाकटा भाऊ होता. आईवडिलांनी पावसाळ्यात भट्टीमालकाकडून उचल घेतलेली. ती फेडायला दिवाळीनंतर सगळं घर निघालं होतं. मागे पोरीला ठेवणार कुणाकडे? मला पाहताच तिने विचारलं, “ताई, माझं नाव खोडलं का?”

मला उत्तर देता येईना. मराठीत आपण ‘शाळा सोडली’ म्हणतो, ‘शाळा सुटली’ असंही म्हणतो. तिने शाळा सोडली नव्हती, तिची शाळा सुटली होती. माझ्या त्या इंग्रजी शब्दात मात्र कर्ता तीच, म्हणून दोषही तिचाच.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेशाचा हक्क आहे. दार उघडं आहे. दारापर्यंत सोबत कोणी जायचं, हा प्रश्न आहे. लूकच्या शुभवर्तमानात शंभरांतलं एक मेंढरू हरवलं, तेव्हा मेंढपाळाने ‘एक कमी’ असं लिहून हिशेब मिटवला नाही. तो शोधायला निघाला.

जूनमध्ये ती मुलगी पुन्हा वर्गात बसली. यंदाच्या अहवालातून मी तो शब्द काढला आहे. त्याजागी तीन रकाने आहेत : मूल कुठे गेलं, का गेलं, आणि आणायला कोण गेलं. तिसऱ्या रकान्यात बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. तिथे तुमचीही नावं येऊ द्या.