नेता नादुरुस्त की आपण?



६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला स्थापन झाला. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी आपल्या नांदेडातून हरिहरराव सोनुले शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लोकसभेत गेले होते. म्हणजे ताकद नव्हती असं नाही.

पण दोन-तीन वर्षांतच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. आम्ही गिरणी कामगार. यंत्र नादुरुस्त झालं की मिस्त्री ते उघडतो, बिघाड शोधतो. इथं बिघाड कोणी शोधलाच नाही, माणसंच भंगारात काढली! तरी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. हजारो बाया-माणसं तुरुंगात गेली. जमिनीचा प्रश्न हाती होता तोवर पक्ष जिवंत होता. पुढे गायकवाड आणि बॅरिस्टर खोब्रागडे यांचे गट वेगळे झाले. १९७२ ला तरुणांनी दलित पँथर काढली, तीही फुटली.

१९९८ ला एकी झाली, तर प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे खुल्या जागांवरून खासदार झाले. १९९९ ची निवडणूक येईतो ती एकी विस्कटली. एकेका जागेसाठी मोठ्या पक्षाच्या दारात उभं राहायचं, तर प्रत्येकाला आपापला गट लागतोच.

मार मात्र गट पाहून पडत नाही. १९७८ ला नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. त्यांना कोणी विचारलं का, तू कोणत्या गटाचा? १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, ते कोणा एका गटासाठी नव्हे. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

आम्ही नेत्यांना नावं ठेवतो. पण नांदेड असो की लातूर, एकाच वस्तीत जयंतीच्या दोन मिरवणुका, दोन पावतीपुस्तकं कोण काढतं? आम्हीच ना?

तथागतांनी आपल्यामागे गादीवर कोणाला बसवलं नाही. धम्म हाच मार्गदाता, असं सांगितलं. बाबासाहेबांनीही १९५६ ला मुंबईत राजकारणाचं शिक्षण देणारी शाळा काढली होती. त्यांच्यामागे आपल्याला ती टिकवता आली नाही. नेते घडवायची जागाच बंद पडली!

म्हणून या वर्धापनदिनी आमची एवढीच विनंती. जयंती समिती एकच करा, तिच्यात निम्म्या बाया घ्या. जमाखर्च दर पौर्णिमेला विहारात मोठ्यानं वाचा. रविवारी पोरांना संविधान शिकवा. हिशेब मागायला शिकलेल्या वस्तीला कोणताही नेता फसवू शकत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!