कोमांची आणि आपले डोंगरी लोक



सुरगाण्याच्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला. एकदां भिल्लांच्या बंडाचा धडा चालूं असतां ‘हे लुटारू लोक’ असे शब्द माझ्या तोंडून सहज निघून गेले. मागल्या बांकावरून एका कोकणा मुलानें विचारलें, “गुरुजी, ते लुटारू, तर त्यांच्या डोंगरांत शिरणारे साहेब कोण?” मीं त्याला दटावून खालीं बसविलें. त्या प्रश्नाचें ऋण आज फेडावें म्हणतों. त्यासाठीं प्रथम आपणांस अमेरिकेच्या गवताळ मैदानांत नेतों.

तेथें कोमांची नांवाचे लोक राहतात. ते मूळचे शोशोनी या डोंगरी लोकांपैकीं. स्पॅनिश लोकांनीं आणलेला घोडा त्यांच्या हातीं आला, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं ते दक्षिणेच्या मैदानांत उतरले. पुढें दीडशें वर्षें त्या मुलुखांत त्यांचाच शब्द चाले. १७८६ सालीं न्यू मेक्सिकोचा स्पॅनिश गव्हर्नर आंझा यानें त्यांच्याशीं तह केला. परंतु देवीच्या साथींनीं माणसें नेलीं आणि गोऱ्या शिकाऱ्यांनीं गव्यांचे कळप नाहींसे केले. १८७४ सालीं पालो ड्यूरोच्या दरींत कर्नल मॅकेन्झीच्या हातीं त्यांचे घोडे लागले. त्यांपैकीं हजारांहून अधिक त्यानें गोळ्या घालून मारविले. माणसें फारशीं पडलीं नाहींत, पण घोड्यावांचून कोमांची म्हणजे पाण्यावांचून मासा. दुसऱ्याच वर्षीं त्यांचा पुढारी क्वाना पार्कर शरण आला.

आतां आपल्या सह्याद्रीकडे वळूं. डांगच्या सीमेवरील सुरगाणें हें १९४८ पर्यंत देशमुखांचें लहानसें संस्थान होतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि या डोंगरांत इंग्रजांचा अंमल पसरूं लागला. खानदेशांत औट्रमनें १८२५ सालीं भिल्लांचीच पलटण उभारली; म्हणजे भिल्लाला आवरण्यास भिल्लच नेमला! तरी असंतोष शमला नाहीं. सावकारी पाशाविरुद्ध उठलेले महादेव कोळी राघोजी भांगरे १८४८ सालीं ठाण्यास फांशीं गेले. भागोजी नाईक तर पूर्वीं अहमदनगरच्या पोलिसांतील अंमलदार. १८५७ च्या ऑक्टोबरांत नांदूर शिंगोट्यास त्यांच्या लोकांशीं झालेल्या चकमकींत पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री पडला, आणि नोव्हेंबर १८५९ मध्यें सिन्नर तालुक्यांत भागोजीही पडले. आमच्या शेजारच्या पेठ संस्थानच्या राजालाही त्याच धामधुमींत फांशीं देण्यांत आलें.

कोमांचीचा घोडा बंदुकीनें गेला; आमच्या डोंगरी माणसाचें रान कागदानें गेलें. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारी वनांत जें आजवर वहिवाटीनें चाले, तो गुन्हा ठरूं लागला. जेथें आजा नागली-वरई पिकवी, तेथें नातू अतिक्रमण करणारा झाला! वनहक्काचा कायदा व्हावयास २००६ साल उजाडलें; आणि त्याची बजावणी व्हावी म्हणून मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत हजारों शेतकरी पायीं गेले. त्यांत सुरगाण्याचे पुष्कळ होते. सोलून निघालेले ते तळवे आपणांपैकीं अनेकांनीं वर्तमानपत्रांत पाहिलेच असतील.

आणखी एक गोष्ट. शरणागतीनंतर कोमांची मुलांना शाळांतून स्वभाषेची बंदी होती. परंतु १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कोमांची जवानांनीं त्याच भाषेंत गुप्त संदेश धाडले, आणि शत्रूला ते उलगडतां आले नाहींत. हें मीं वाचलें तेव्हां मला माझी लाल शाई आठवली. मुलांच्या वह्यांतील कोकणा बोलीचे किती शब्द तिनें खोडले, त्याचा हिशेब नाहीं.

तेव्हां त्या मुलाला माझें उत्तर एवढेंच: बाळ, ज्यानें लिहिलें, त्यानें दुसऱ्याला लुटारू म्हटलें. तुझ्या घरची हकीकत तुझ्या आजीकडून ऐक आणि तिच्याच शब्दांत लिहून काढ. या खेपेस मी शाई लावणार नाहीं.