मदतीचे मोजमाप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



आपत्तीला जात नसते, वर्ग नसतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पाणी चढत असते त्या घटकेपुरते ते खरेही असेल. परंतु पाणी ओसरल्यावर येणाऱ्या मदतीला मात्र वर्ग असतो. कारण ती कोणत्या तरी मापाने मोजून द्यावी लागते, आणि ते माप समाजात आधीपासून चालत आलेलेच असते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. शहर बुडाले ते मात्र केवळ वादळाने नव्हे, तर पूररोधक बांध फुटल्याने. केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता दलाने उभारलेल्या कालव्यांच्या भिंती कोसळल्या. काही ठिकाणी तर पाणी माथ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच त्या सरकल्या. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. म्हणजे यात निसर्गाचा कोप जेवढा होता, त्याहून शासनाने दिलेल्या हमीचा भंग अधिक होता. परंतु १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला अशा दाव्यांपासून अभय दिलेले असल्यामुळे बांध फुटल्याची भरपाई नागरिकांना न्यायालयातून मिळू शकली नाही. हक्काची वाट अशी बंद झाल्यावर उरली ती मदत.

या मदतीतील सर्वांत मोठी योजना म्हणजे केंद्राच्या पैशातून लुइझियाना राज्याने २००६ मध्ये सुरू केलेली ‘रोड होम’. तिच्यातून सुमारे १ लाख ३० हजार घरमालकांना मिळून सुमारे ९०० कोटी डॉलर वाटले गेले. एका घराला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर ही मर्यादा होती. रक्कम ठरविण्याचे सूत्र वरकरणी निरुपद्रवी दिसते. घराची वादळापूर्वीची बाजारातील किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, या दोहोंतील जी रक्कम कमी असेल ती धरावयाची. तीतून विम्याची व इतर मदतीची रक्कम वजा करावयाची.

या सूत्राचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. समजा, दोन घरे एकाच मापाची आहेत, दोन्ही सारखीच बुडाली आहेत आणि दोहोंच्या दुरुस्तीला १ लाख २० हजार डॉलर लागणार आहेत. एक घर गोऱ्यांच्या वस्तीत असल्याने त्याची किंमत १ लाख ६० हजार. दुसरे काळ्यांच्या वस्तीत असल्याने ६० हजार. पहिल्याला दुरुस्तीचा पूर्ण खर्च मिळतो, दुसऱ्याला निम्माच. लाकूड, सिमेंट आणि सुताराची मजुरी दोघांनाही एकाच भावाने घ्यावी लागते. वस्त्यांच्या किमतींतील हा फरक काही आकाशातून पडला नव्हता. कर्ज नाकारणाऱ्या बँका आणि वर्णद्वेषी घरबाजार यांनी तो पिढ्यान्पिढ्या घडविला होता. त्या जुन्या अन्यायावर सरकारी मदतीने नव्याने शिक्कामोर्तब केले. आणि हे करण्यासाठी सूत्रात वर्णाचा उल्लेखही करावा लागला नाही! २००८ मध्ये काही घरमालक व समान गृहनिवासाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर सहा वर्षे लोटली होती.

ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांची स्थिती आणखी बिकट. आजोबांच्या नावावरचे घर वारसनोंदीविना नातवंडांकडे आलेले. मालकी निःसंशय, पण ती सिद्ध करणार कशी? आपल्याकडील सातबाराच्या उताऱ्यासाठी हेलपाटे घालणाऱ्यांना ही व्यथा समजावून सांगावी लागणार नाही.

भाडेकरूंची तर कथाच वेगळी. वादळापूर्वी शहरातील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहत असत. घरमालकांच्या योजनेत त्यांना स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये नगरपरिषदेने चार सार्वजनिक वसाहतींतील सुमारे साडेचार हजार घरे पाडण्यास एकमताने संमती दिली. सभागृहाबाहेर निदर्शकांवर मिरपुडीचे फवारे मारण्यात येत होते. घरांची टंचाई असताना घरे पाडावयाची, याला पुनर्वसन म्हणण्यात आले.

अशा स्थितीत लोकांनी काय केले? जानेवारी २००६ मध्ये महापौरांच्या समितीच्या नकाशावर काही वस्त्यांच्या जागी हिरवे ठिपके दिसले. तेथे भविष्यात उद्याने व्हावयाची होती. ब्रॉडमूर ही त्यांतील एक वस्ती. तेथील रहिवासी संघटनेने विखुरलेली कुटुंबे शोधली, गल्लोगल्ली जबाबदार माणसे नेमली, स्वतःचा विकास आराखडा तयार केला आणि वस्ती राखली. तिची शाळा व ग्रंथालयही पुढे पुन्हा उघडले. शहराच्या पूर्व टोकाला १९७५ नंतर निर्वासित म्हणून आलेल्या व्हिएतनामी लोकांची वसाहत होती. पुरेसे ग्राहक परतल्याचा पुरावा दिल्याशिवाय वीज कंपनी तारा जोडीना. तेव्हा चर्चच्या धर्मगुरूंनी प्रार्थनेला जमलेल्या गर्दीची छायाचित्रे आणि शेकडो नावांची यादी तिच्यापुढे ठेवली. २००६ मध्ये वसाहतीनजीक वादळाच्या मलब्याचे आगार उघडण्यात आले, ते याच लोकांनी आंदोलन करून काही महिन्यांत बंद पाडले. रचना आणि संघर्ष यांत श्रेष्ठ काय, हा आपल्या बैठकांतील वाद तेथे कोणाला सुचला नसावा. यादी करणारी माणसेच मोर्च्यातही होती.

मात्र या उदाहरणांचे कौतुक करण्याची घाई नको. ब्रॉडमूरमध्ये शिकलेली, सवड असलेली आणि विद्यापीठांपर्यंत पोच असलेली माणसे होती. व्हिएतनामी वसाहतीत चर्चभोवती बांधलेला समाज होता. दोन्हीकडे हाती काही ना काही होते. ज्यांना बसमध्ये बसवून ह्यूस्टन, अटलांटा अशा दूरदूरच्या शहरांत पोचविण्यात आले, त्यांनी गल्लीची सभा कोणत्या गल्लीत भरवावी? लोकांच्या स्वावलंबनाचे गोडवे गाऊन शासन आपली जबाबदारी झटकू लागले की टिकाव धरतात ते आधीच संघटित असलेले.

२००० च्या जनगणनेत न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ४ लाख ८४ हजार होती. २०१० मध्ये ती ३ लाख ४३ हजारांवर आली. काळ्या रहिवाशांची संख्या तेवढ्या काळात सुमारे १ लाख १८ हजारांनी घटली. त्यांतील भाडेकरूंचा माग ‘रोड होम’च्या घरमालकांच्या अर्जांवरून लागणार नाही. ते अर्ज त्यांच्यासाठी नव्हतेच.