विमानाचे तिकीट आणि घरचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण बायका. पण विमानाचे तिकीट काढताना मुलगा किंवा भाचा मोबाईलवर जो आकडा दाखवील, त्याला मान डोलावतो. मीही तशीच होते. एकदा चांगला चटका बसला, म्हणून आज चार शब्द सांगावयास उभी आहे.

माझ्या लेकीचे बाळंतपण दिल्लीस व्हावयाचे होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख धरून मी दोन महिने आधीच पुण्याहून अगदी स्वस्त तिकीट काढून ठेवले. केवढी बचत केली, म्हणून मनात खूश होते. पण नात पंधरा दिवस आधीच आली! तारीख बदलावी, तर त्याचा आकार तिकिटाहून जड. शेवटी त्याच दिवशीचे तिकीट चौपट पैसे मोजून घेतले व जुने रद्द केले. “त्यातली एक पैही परत मिळत नाही,” असे तिकीट काढून देणाऱ्याने सांगितले. मी गप्प बसले.

पुढे शेजारच्या वहिनींनी ते तिकीट नीट वाचले. त्यात मूळ भाडे निराळे, कर निराळे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ सालच्या नियमांप्रमाणे, मूळ भाडे परत मिळणार नसले तरी सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत द्यावे लागते. अर्ज केला आणि आठशे रुपये हाती आले.

विमानातील सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे गट पाडते. स्वस्त गट संपला की महाग गट उघडतो. म्हणून लग्नमुंजीसारखी तारीख पक्की असेल, तर तिकीट लवकर काढावे. दिवाळी आणि मे महिन्याची गर्दी टाळता आली, तर अवश्य टाळावी. पण बाळंतपण किंवा आजारपण यांसाठी तारीख बदलता येणारे तिकीटच घ्यावे. आज थोडे महाग, पण अंती तेच स्वस्त पडते.

दुसरे असे की, पहिला आकडा हा शेवटचा नव्हे. आवडीची जागा, जेवण, विमा असे एकेक त्यात चढत जाते. नको ते काढून टाकावे आणि शेवटच्या आकड्यांचीच तुलना करावी. सामान घरीच तोलावे. जादा वजनाचे पैसे आधी भरलेले बरे. विमानतळावर ते बहुधा अधिक पडतात.

नातीला मांडीवर घेतले, तेव्हा गेलेल्या पैशांचे काही वाटले नाही. न वाचता गप्प बसले, याचे मात्र अजून वाटते. तेव्हा भगिनींनो, यापुढे आपल्यापैकी कोणी प्रवासास निघाली, तर पैसे भरण्यापूर्वी ते तिकीट दोघींनी मिळून वाचावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.