भूगोलाच्या संज्ञा : आधी ओळख, मग व्याख्या

(लिंबागणेश परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



'दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंच प्रदेश म्हणजे जलविभाजक' ही व्याख्या मुलाने न अडखळता म्हणून दाखविली, म्हणजे त्याला जलविभाजक समजला असे नव्हे. लिंबागणेशचे मूल बालाघाटावर राहते. पुस्तकातला तो शब्द त्याच्या पायाखालीच आहे. परंतु शब्द आणि भूमी यांचा दुवा कोणी जोडून दिला नाही, तर शब्द पाठ होतो आणि भूमी अनोळखीच राहते.

प्रथम 'पठार' ही संज्ञा घ्यावी. बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढून आले की चढ संपतो, पण पलीकडे लगेच उतार लागत नाही. उंचावरच सपाटी पसरलेली दिसते. हेच पठार. 'बाला' हा फारसी शब्द 'वरचा' या अर्थाचा. घाटावरचा तो बालाघाट आणि खाली गोदावरीकाठची ती गंगथडी. पूर्वजांनी भूरूपांतील भेद या दोन नावांतच नोंदवून ठेवला आहे. विहीर खणताना लागणारा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला.

आता जलविभाजक. अंगणात ओल्या मातीचा लांबट उंचवटा करून त्याच्या माथ्यावर तांब्याने पाणी ओतावे. पाणी दोन्ही बाजूंना वाहते. बालाघाटावर असेच घडते. उत्तरेकडचे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेत आणि मंजरथजवळ गोदावरीत जाते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र दुसरी वाट धरते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण असा दूरचा फेरा घेऊन तीही अखेर गोदावरीसच मिळते. येथे 'उगम', 'उपनदी', 'खोरे' आणि 'संगम' या चारही संज्ञा एकाच प्रवाहात उलगडतात.

'पर्जन्यछाया' ही संज्ञा या मुलांनी कारणासह जाणली पाहिजे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्री चढताना थंड होतात व पाऊस देतात. महाबळेश्वरी तो वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. पूर्वेस उतरताना तेच वारे उबदार व कोरडे होतात, आणि बीडच्या वाट्यास अपुरा पाऊस येतो. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पूर्वेस पॅटागोनिया याच कारणाने शुष्क आहे. दुष्काळ हा गावाला मिळालेला शाप नव्हे. त्यामागे सृष्टीचा नियम आहे आणि पाणी अडविण्याचा उपाय माणसाच्या हाती आहे, हे मुलास येथूनच समजते.

शेवटची संज्ञा मानवी भूगोलाची, 'हंगामी स्थलांतर'. ती शिकविताना वर्गातील काही जागा रिकाम्या असतात. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाची मोजणी त्याच्या हत्याराच्या नावाने होते. हंगामी वसतिगृहांची सोय असली, तरी अनेक मुले आईबापांसोबत जातात व त्यांचा अभ्यास तुटतो.

अशा मुलास 'मागे पडलेला' म्हणण्याची घाई करू नये. तो परत आला की त्यास नकाशापुढे उभे करावे. कोल्हापूरकडे गेलेल्या मुलाने पंचगंगा पाहिलेली असते, सांगलीकडे गेलेल्याने कृष्णा. बारमाही पाण्याचा मळा आणि आपले कोरडवाहू शेत यांतला फरक त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो फरक त्याने सांगावा, इतरांनी नकाशावर त्याची वाट रेखावी. बुडालेला अभ्यास एवढ्याने भरून निघणार नाही. त्यासाठी वेगळा वेळ द्यावाच लागेल. पण शाळा आपली वाट पाहत होती, हे त्यास कळेल, आणि 'स्थलांतर' या शब्दामागे माणसे असतात, हे साऱ्या वर्गास कळेल.

व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहावी. ती पाठ करण्यास मुलांना मग फारसा वेळ लागत नाही.