रंग चढवणारे हात, रंग उतरवणारे हात



माझे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाशी. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. यंत्राच्या भागांवर रंग कसा चढतो, कसा पक्का होतो आणि कसा उतरतो, एवढेच मी सांगणार आहे.

लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की गंज आलाच. म्हणून वर रंगाचे कवच. पण खाली तेल वा मळ राहिला तर ते कवच पापुद्र्यासारखे सुटते. म्हणून भाग आधी धुतात, फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, वाळवतात. मग पावडर कोटिंगच्या बंदुकीतून विजेचा भार दिलेली कोरडी पूड उडवतात. ती लोखंडाला चिकटते. पुढे सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळून पक्की होते. येथे एक मेख आहे. वेळ मोजायची ती भट्टीतील हवा तापल्यापासून नव्हे, धातू तापल्यापासून. पत्रा लवकर तापतो, जाड ओतीव भागाला पुष्कळ वेळ लागतो. माल लवकर काढण्याची घाई केली तर रंग चकाकतो, पण कच्चा राहतो, आणि दोष कामगाराच्या माथी येतो.

बिघडलेला रंग उतरवावा लागतो. खरा धोका तेथे आहे. वाळूच्या माऱ्याने उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने ओतीव वस्तूंवरील वाळूचा मारा १९४९ सालीच बंद केला. दुसरी रीत डायक्लोरोमिथेनच्या टाकीची. त्याची वाफ हवेहून जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचते. ती माणसाला गुंगी आणते. शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. माणसे दगावली, तेव्हा अमेरिकेने रंग उतरवण्याच्या घरगुती वापरासाठी त्याची विक्री २०१९ साली बंद केली.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात ठेकेदाराचा एक पोरगा पडलेला भाग काढायला अशा टाकीत वाकला आणि तेथेच कोसळला. तोंडाला हातरुमाल होता. वाफेला रुमाल काय अडवणार? सोबत्यांनी ओढून काढला म्हणून वाचला. मी दप्तर मागितले. प्रत्येक भागावरील रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिलेली होती. त्या पोराचे नाव हजेरीपटावर नव्हते!

लोखंडाच्या कवचाची एवढी काळजी, मग माणसाच्या कवचाची का नको? वाळूऐवजी पोलादी छर्रे वापरता येतात, तेही धूळ ओढून घेणाऱ्या बंद खोलीत. टाकीच्या काठाशी वाफ ओढणारी नळी बसवता येते, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा देता येतो. यात अशक्य काहीच नाही.

या सभेत डॉक्टर मंडळीही असतील. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली लिहून ठेवले. खोकणारा माणूस उद्या आपल्या दारी आला, तर एवढेच विचारा, “बाबा रे, तू काम काय करतोस?” त्याच्या उत्तरापासून आमच्या लढ्याला बळ मिळेल.