मुलांच्या गादीखालची पुस्तके
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी उभी राहिले म्हणजे तुम्हांला कुरडयांचे नाहीतर लोणच्याचे काहीतरी ऐकावयास मिळते. यंदा चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी 'मुलांचे वाचन' एवढेच सांगितले. पूर्ण विषय सांगितला असता तर त्यांनी मला कुरडयांवरच ठेवले असते. विषय असा की, हल्ली बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी जी पुस्तके निघतात, त्यांतील काहींत मुलाचे मुलावर किंवा मुलीचे मुलीवर प्रेम असते. आपली मुले ती वाचतात, आणि कित्येक त्यांतली पात्रे घेऊन स्वतः पुढच्या गोष्टीही लिहितात. अशा माणसांना समलिंगी म्हणतात. हा शब्द मी आज दोन-चारदा उच्चारणार आहे. ज्यांना उठून जायचे असेल त्यांनी चहा मात्र घेऊन जावे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मुलीची गादी उन्हात टाकावी म्हणून मी उचलली, तर खाली एक दोनशेपानी वही निघाली. अभ्यासाची असेल म्हणून उघडली. निक आणि चार्ली नावाचे शाळेतले दोन मुलगे, आणि त्यांची गोष्ट. अक्षर आमच्याच मुलीचे. दोन पाने वाचली आणि माझे डोके फिरले. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. वही तशीच बंबात घातली. त्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळीला पाणी मात्र चांगले कढत झाले.

मुलगी रडली नाही की भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गार पाण्याने अंघोळ करू लागली. पौषाचे दिवस, आणि असे आठ दिवस चालले. मी एका शब्दाने विचारले नाही, कारण मला कारण ठाऊक होते. शेवटी सासूबाईंनीच विचारले, "पोरीनं कसलं व्रत घेतलंय?" तेव्हा मला सांगावेच लागले. मला वाटले, त्या माझीच बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही तरी जात्यावर काय करत होतो? नाव सीतेचं घ्यायचं आणि गाऱ्हाणं आपल्या सासूचं गायचं. आम्ही सीतेला काय काय बोलायला लावलं, ते वाल्मीकीला कुठं ठाऊक होतं? आमच्या ओव्या कुणी बंबात नाही घातल्या."

हे सर्व मी मुलीला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "वहीचं सांग, माझं काही सांगू नकोस." म्हणून तिच्याविषयी मी काही बोलणार नाही, आणि तुम्हीही नंतर मला विचारू नये.

मग मी तिच्याकडे गेले आणि ते पुस्तक मलाही सांग म्हटले. तिचा विश्वास बसायला पंधरा दिवस लागले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरते. तेव्हा रात्री भांडी आवरल्यावर ती थोडेथोडे मराठीत सांगू लागली. पुस्तकाचे नाव 'हार्टस्टॉपर', लेखिका इंग्लंडमधल्या ॲलिस ओसमन. २०१६ साली त्यांनी ही चित्रकथा इंटरनेटवर थोडीथोडी करून फुकट वाचायला ठेवली. वाचकांनीच पैसे जमवून दिले, त्यावर २०१८ साली पहिला भाग छापला. २०१९ पासून मोठ्या प्रकाशकाने घेतला आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर त्याची मालिका आली. गोष्ट साधी आहे. चार्ली हा तबला नव्हे पण तसली वाद्ये, म्हणजे ड्रम वाजवणारा, हडकुळा मुलगा. निक रग्बी खेळणारा, दांडगा. शाळेत दोघांना शेजारीशेजारी बसवतात. पानांवर झाडाची पाने उडत असतात, ती मला फार आवडली.

त्यात निक आपल्या आईला सांगतो तो प्रसंग आहे. चार्ली माझा नुसता मित्र नाही, असे तो चाचरत सांगतो. ती आई त्याला जवळ घेते. आणि, हे आपल्याला सांगता येणार नाही असे माझ्या वागण्याने तुला कधी वाटले असेल तर मला माफ कर, अशा अर्थाचे काही बोलते. इथे मी मुलीला थांब म्हटले. मग दुधावर झाकण ठेवायचे राहिले आहे असे सांगून स्वयंपाकघरात गेले. दूध केव्हाच झाकलेले होते.

गोडी लागली तशी मी पूर्वीची पुस्तके विचारू लागले. अमेरिकेत मुलांसाठी अशी पहिली कादंबरी जॉन डोनोव्हन यांची समजतात, १९६९ सालची. तीत दोन मुलगे एकमेकांच्या जवळ येतात आणि पुढे एका मुलाचा लाडका कुत्रा गाडीखाली सापडतो. तो पोरगा समजतो की आपल्याच वागण्याची ही शिक्षा. त्या काळी असेच लिहीत. कुणीतरी मरायचेच, निदान कुत्रा तरी. १९८२ साली नॅन्सी गार्डन यांनी 'ॲनी ऑन माय माइंड' लिहिली. न्यूयॉर्कमधल्या दोन मुलींची गोष्ट, आणि शेवटी कुणी मरत नाही, दोघी पुन्हा एकमेकींना भेटायचे ठरवतात. १९९३ साली कॅन्सस सिटीत हे पुस्तक शाळामंडळाच्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाळले. जवळच्या ओलेथा गावच्या शाळांनी ते ग्रंथालयातून काढून टाकले, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी कोर्टात दावा लावला. १९९५ साली निकाल लागला आणि पुस्तक कपाटात परत गेले. हे ऐकताना मला आमचा बंब दिसत होता. त्यांचे पुस्तक परत आले. आमच्या वहीची दुसरी प्रत नव्हती.

आता त्या वहीविषयी. मी समजत होते की हा आमच्याच मुलीचा चाळा. तसे नाही. आवडत्या पुस्तकातली पात्रे घेऊन वाचकांनी गोष्ट पुढे न्यायची, याला फॅन फिक्शन म्हणतात आणि हा प्रकार जुना आहे. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची मालिका १९६६ ते १९६९ चालली. तिच्यातला कप्तान कर्क आणि त्याचा सोबती स्पॉक यांच्या प्रेमाची गोष्ट १९७४ साली चाहत्यांच्या एका अंकात आली, आणि ती लिहिणारी ऑस्ट्रेलियातली एक बाई होती. असे अंक बहुतेक बायाच काढीत. टंकलेखन करायचे, सायक्लोस्टाइल करायचे, टपालाने पाठवायचे. आपल्या मंडळाचा पहिला अंक कसा निघाला ते जुन्या सभासदांना आठवत असेल.

'हॅरी पॉटर' मराठीतही आहे, आपल्या पुष्कळ घरांत आहे. सातही भाग संपल्यावर, २००७ च्या ऑक्टोबरात, लेखिका रोलिंगबाईंनी न्यूयॉर्कमध्ये एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले की हेडमास्तर डम्बलडोर समलिंगी आहेत असे मी धरून चालले होते. पुस्तकात तसे कुठे स्पष्ट लिहिलेले नाही. आमची मुलगी म्हणते, हे म्हणजे पंगत उठल्यावर जिलबी होती असे सांगणे. मुले वह्या भरतात ती या पानात न वाढलेल्या जिलबीसाठी.

सगळेच लिखाण चांगले असते असे मी म्हणणार नाही. काही फार चावट असते, लहानांनी वाचू नये असे असते, आणि ते मी मुलीला तोंडावर सांगितले. मुलामुलींच्या प्रेमकथांतही असा कचरा काय कमी असतो?

"आपल्याकडे असले नव्हते," असे परवा एक भगिनी म्हणाल्या. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आले. त्यातली मित्रा कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या मुलीवर जीव जडलेली. ती शेवटी जीव देते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी २००६ ची. पुण्यातल्या घरात एक भाडेकरू मुलगा राहायला येतो, आणि घरातला भाऊ व बहीण दोघेही त्याच्यात गुंततात. बहीण त्याच्याबरोबर निघून जाते, तेव्हा घर डोक्यावर घेतले जाते. ती एकटी परत येते, तर तिला निदान रागवायला, समजवायला माणसे असतात. भावाचेही तेवढेच गेलेले असते, पण तो त्याच घरात जेवतो, झोपतो आणि कुणाला काही दिसत नाही. मला त्या मुलाच्या आईची फार दया आली, आणि थोडा रागही. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' मागायला गेले तर वाचनालयात मला वपुंची 'पार्टनर' काढून दिली. दोन्ही एकाच नावाच्या. परत जाऊन "ती नव्हे, दुसरी" म्हणायला मला धीर करावा लागला. इंग्रजीत हिमांजली शंकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' ही आपल्या देशातल्या शाळकरी मुलांची गोष्ट आहे, २०१४ ची. तिची सुरुवातच मुस्कानने जीव द्यायचा प्रयत्न केला या बातमीने होते.

मित्रा, मुस्कान आणि तो कुत्रा, हे ओळीने ऐकल्यावर आमची मुलगी निक आणि चार्लीला सुखाचे दिवस का लिहून देत होती, ते मला उमगले.

पुस्तके वाचून मुले तशी होतात ही भीती मलाही होती. पण जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी असणे रोगांच्या यादीतून काढले आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी हा गुन्हा नाही असा निकाल दिला. आणि जन्मभर नवराबायकोच्याच गोष्टी ऐकूनही ही मुले तशी जन्मतातच की! मग एका चित्रकथेने ती बदलतील कशी?

मी मुलीला नवी दोनशेपानी वही आणून दिली. तिने घेतली. तीत काय लिहिले आहे, काही लिहिले आहे की नाही, मला ठाऊक नाही. गादी आता तिची तीच उन्हात टाकते. 'हार्टस्टॉपर'चे भाग मात्र गादीखालून निघून बाहेरच्या कपाटात, पोथ्यांच्या खालच्या कप्प्यात आले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी चारनंतर घरी यावे. इंग्रजी आहे, पण चित्रे पुष्कळ आहेत, आणि अडेल तिथे मुलगी घरी असली तर सांगेल. नेलेला भाग पंधरा दिवसांत परत करावा, कारण सासूबाईंचा तिसरा अजून व्हायचा आहे.